सातवा नंबर

काकांची पिशवी चौथ्यांदा भरली होती. दोन लुंग्या, टॉवेल, स्टीलचा पेला, आधार आणि केशरी रेशनकार्डाच्या झेरॉक्स, सोनोग्राफीचा लिफाफा आणि रबर लावलेली फाईल, हाताळून हाताळून कोपरे गोल झालेली. उजव्या जांघेतला हर्निया. जाळी बसवायची, तासाभराचं काम. गेल्या ऑगस्टपासून तीन तारखा पडल्या आणि तिन्ही गेल्या. चौथी दुसऱ्या दिवशीची होती.

पाचगणीच्या कडेला, भिलारच्या वाटेवर त्यांचं घर. जून संपत आला होता. स्ट्रॉबेरी उरकून वाफ्यांवरचा प्लास्टिकचा कागद गुंडाळून पडवीत टाकलेला. धुकं असं की अंगणातला सिल्व्हर ओक बुंध्यापुरताच उरलेला. साताऱ्याहून मावशी पसरणीचा घाट चढून मुद्दाम वर आली होती, कारण या वेळी दिराला टेबलावर झोपवल्याशिवाय ती मागे फिरणार नव्हती. एकतीस वर्षं सरकारी नोकरी, त्यातली बावीस ऑपरेशन थिएटरमध्ये, शेवटची काही इन्चार्ज सिस्टर म्हणून. (दवाखान्यात ‘मावशी’ म्हणजे आयाबाई. लहानपणी वॉर्डात मी तिला हाक मारली की तीन बायका वळून बघायच्या, आणि ही मात्र नाही.) मी गाडी चालवायला म्हणून आलो होतो आणि दोघांच्या मधे अडकलो. पुढे जे झालं त्यात आवाज कुणी चढवला नाही, तरी ते भांडणच होतं.

सुरुवात काकांनी केली. “वहिनी, लग्नाची तारीख काढून ऐन येळी न्हाय म्हनलं तर दोन घरांत मारामारी व्हती. दवाखान्यात न्हाय म्हनले, तर आमीच हात जोडून घरी आलो.”

“लग्नात कुणाचं पोट उघडत नाहीत, भाऊजी.”

“उगडलं न्हाय म्हनूनच तर बोलतोय.”

मग त्यांनी ऑक्टोबरची गोष्ट सांगितली. ती मी आधी दोनदा ऐकली होती, मावशीसमोर मात्र पहिल्यांदाच. आदल्या संध्याकाळी भरती. रात्री जांघेचे केस काढले, बारानंतर पाणीही बंद. सकाळी हिरवा गाऊन घालून, हातात सुई खोचून, पलंगावर बसवून ठेवलं. नंबर सातवा. थोरल्या पोराने रजा टाकलेली, धाकटा रक्त लागलं तर द्यायला म्हणून पुण्याहून आलेला. शेजारच्या पलंगावरचे एकेक जण ट्रॉलीवरून गेले आणि परत आले. साडेतीन वाजता वॉर्डातला मामा आला आणि म्हणाला, आजोबा, कपडे घाला, आज नाही. का नाही? साहेबांना मीटिंग आहे.

“सोळा तास उपाशी व्हतो,” काका म्हणाले. “आनि मामानं आजोबा म्हनलं त्ये येगळंच.”

मावशी हसली नाही. तिने समोरची सुपारीची डबी उचलून मधोमध ठेवली. “हे टेबल. एक. भूल देणारे डॉक्टर, एक. दार नवाला उघडतं, पहिला पेशंट आत जाईपर्यंत पावणेदहा होतात. तुमचं ऑपरेशन तासाचं, पण टेबल दीड तास अडतं. भूल चढायची, ऑपरेशन व्हायचं, पेशंट नीट जागेवर आल्याशिवाय बाहेर काढायचा नाही. मग फरशी पुसायची, टेबल पुसायचं, निर्जंतुक अवजारांचा दुसरा ड्रम उघडायचा. चारला लिस्ट बंद, कारण त्यानंतर रात्रीच्या सीझरसाठी माणसं राखावी लागतात. करा हिशोब.”

काकांनी बोटांवर केला. शेतकऱ्याला हा हिशोब अवघड नसतो, एका दिवसात किती वाफे होतात त्यातलाच तो. “चार. लई तर पाच.”

“बरोबर.”

“मंग लिस्टवर आठ नावं का व्हती?”

इथे मावशी थोडी थांबली. मला वाटतं, एवढी साधी गोष्ट तिला आजवर कुणी समोर बसून विचारली नव्हती. “कारण आठ येत नाहीत, भाऊजी. आठ लिहिले की दोन उगवतच नाहीत. एकाचं बीपी चढतं, एकाला रात्रीतून ताप भरतो, एकाच्या रक्ताची पिशवी मिळत नाही, एकाचं योजनेचं अप्रूव्हल येत नाही. चारच लिहिले तर अकरा वाजता टेबल रिकामं. मग वरचे विचारणार, टेबल रिकामं का?”

“आनि समदेच आले तर?”

“तर सहाव्यापासून पुढचे घरी.”

“म्हंजे मी घरी जानार, ह्ये सकाळी नवालाच ठरलं व्हतं. मला कळलं साडेतीनला.”

यावर मावशीने सुपारी कातरायला घेतली.

माझ्याजवळ एक अभ्यास होता, तो मी मधे सरकवला. दिल्लीच्या एका रुग्णालयाने स्वतःच्या लिस्टा तपासून २००९ मध्ये छापलेला. ठरलेल्या ऑपरेशनांपैकी शंभरातली तीसेक त्याच दिवशी रद्द झाली होती. त्या रद्द झालेल्यांत साठेक टक्क्यांचं कारण एकच, थिएटरची वेळ संपली. तब्येतीमुळे रद्द झालेली दहा-अकरा टक्के, आणि पेशंटच आला नाही अशी सोळा. आपल्याला वाटतं ऑपरेशन रद्द होतं ते पेशंटच्या बीपीने. दिल्लीत तरी ते घड्याळाने रद्द होत होतं.

“त्यांनी छापलं तरी,” मावशी म्हणाली. “आमच्या रजिस्टरात एकच शब्द असायचा. पोस्टपोन. कशामुळे, तो रकाना नव्हता.”

काका वळून बसले. त्यांना गांधींची गोष्ट सांगायची होती. पाचगणीत जुन्या माणसांना गांधी परके नाहीत. आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर १९४४ मध्ये ते इथे हवा खायला येऊन राहिले होते, आणि तेव्हाच्या प्रार्थनासभांच्या आठवणी घराघरांत आहेत. काकांची गोष्ट मात्र वीस वर्षं आधीची, पुण्याची. १२ जानेवारी १९२४. येरवड्याच्या तुरुंगातून गांधींना ससूनमध्ये आणलं, अपेंडिक्स भडकलेलं. कर्नल मॅडॉक यांनी रात्रीच ऑपरेशन सुरू केलं, बाहेर वादळ, आणि मधेच वीज गेली. बॅटरीचा उजेड घेतला, तोही गेला. शेवटी कंदिलाच्या उजेडात पुरं केलं.

“कंदिलात!” काकांनी मांडीवर थाप मारली. “आनि तुमी, एसी बंद पडला, पोस्टपोन. जाळी आली न्हाय, पोस्टपोन.”

“भाऊजी, गांधींना रात्रभर थांबवलं असतं तर अपेंडिक्स फुटलं असतं. कंदील धरला तो शौर्य म्हणून नाही, दुसरा इलाज नव्हता म्हणून. तुमचा हर्निया थांबू शकतो. ठरवून केलेलं ऑपरेशन म्हणजेच थांबू शकणारं ऑपरेशन. जे थांबू शकतं ते अर्ध्या उजेडात करायचं नाही.”

“थांबू शकतं म्हनून कायम तेच थांबवायचं?”

मला वाटतं, त्या रात्रीतला सगळ्यात खरा प्रश्न हाच होता, आणि तो त्यांनी सहज टाकून दिला. रांगेत मागे कुणाला ढकलायचं असेल तर जो मरणार नाही त्याला ढकलतात; हे न्याय्यही आहे. अडचण अशी की जो मरणार नाही तो रोजच असतो. सीझर आलं, पोटात आतडं फुटलेला आला, घाटात जीप उलटली, प्रत्येक वेळी हर्निया, गर्भाशय, पित्ताशय, पोराचे टॉन्सिल खाली सरकतात. त्यांना कुणी ‘नको’ म्हणत नाही, फक्त ‘आधी’ म्हणत नाही. २०२० मध्ये कोरोनाने हेच जगभर एकदम केलं. पहिल्या लाटेच्या ऐन बारा आठवड्यांत ठरलेली सुमारे २ कोटी ८४ लाख ऑपरेशनं रद्द किंवा लांबणीवर पडतील, असा अंदाज बर्मिंगहॅम विद्यापीठातून चालणाऱ्या कोविडसर्ज गटाने मांडला होता. त्या आकड्यात नव्वद टक्के लोक काकांसारखे, कर्करोगासारखं काही नसलेले. आणि हर्निया थांबतो म्हणजे काय, तर पट्टा बांधून, खोकताना जांघेवर हात दाबून माणूस थांबतो. आतडं एकदा त्यात अडकलं आणि काळं पडायला लागलं की तोच हर्निया रात्री दोन वाजता तातडीचा होतो, आणि मग दुसऱ्या कुणाचा तरी सातवा नंबर पुढे जातो.

मावशीला माझं हे पटलं, पण अर्धंच. “तू रद्द होण्याला शिव्याच देतोयस. रद्द करता येणं ही चांगली गोष्ट आहे, हे कुणी बोलत नाही.”

तिने सांगितलेला प्रसंग मी पहिल्यांदाच ऐकला. अवजारं वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हमधून निघालेल्या ड्रमला एक पट्टी चिकटवलेली असते. आत पुरेशी वाफ आणि उष्णता मिळाली की तिच्यावरच्या रेघा काळ्या होतात. एका सकाळी पहिला ड्रम उघडायच्या आधी तिला त्या रेघा करड्या दिसल्या. दुसरा बघितला, तोही करडा. पेशंट टेबलावर, भूलतज्ज्ञ सुई भरून तयार, सर्जन हात धुऊन कोपर वर धरून उभे. तिने सांगितलं, सर, ड्रम देणार नाही. सर म्हणाले, रेघा दिसतायत की. ती म्हणाली, दिसतायत, पण काळ्या नाहीत. सगळी लिस्ट गेली. सर आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत.

“त्या दिवशी सहा ऑपरेशनं रद्द झाली आणि ती मी केली,” मावशी म्हणाली. “मला त्याचा आजही अभिमान आहे.”

ज्या कागदामुळे नर्सच्या या तोंडाला पुढे जगभर बळ आलं त्यामागे आपल्याच एका घरातला माणूस आहे. यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळचं उटी हे अतुल गावंडे यांच्या वडिलांचं गाव. बोस्टनचे हे सर्जन जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९ मुद्द्यांची तपासयादी करण्यात पुढे होते. ती २००८ मध्ये आली. भूल देण्याआधी, चिरा घेण्याआधी आणि पेशंट बाहेर नेण्याआधी थांबून मोठ्याने विचारायचं : पेशंट हाच ना, बाजू हीच ना, अवजारं निर्जंतुक आहेत ना. आठ शहरांतल्या रुग्णालयांत, त्यांत एक दिल्लीतलं, ती वापरून पाहिली तेव्हा मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ वर आले. थांबण्याची तीन ठिकाणं छापून दिली, बाकी काही नाही.

काकांनी हे सगळं नीट ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, “त्या सहा जनांना काय सांगितलं?”

“कोणत्या?”

“ज्यांचं ऱ्हायलं. त्यांना पट्टीचं सांगितलं?”

मावशीने आडकित्ता खाली ठेवला. “नाही. साहेबांना मीटिंग आहे, असं सांगितलं.”

आत काकू भांडी विसळत होती, तेवढाच आवाज राहिला.

“असं कसं सांगणार, भाऊजी? यंत्र बिघडलं म्हटलं तर लोक म्हणणार, कालचं ऑपरेशन पण तसंच केलं का? पेपरात बातमी. मीटिंग सोपी पडते. मीटिंगला कुणी प्रश्न विचारत नाही.”

“तुमी येवडं चांगलं काम केलं, आनि आमास्नी कळलं ते काय, की डाक्टर कामचुकार हाय.”

या ठिकाणी मी काकांच्या बाजूला गेलो आणि अजून तिथेच आहे. घड्याळ आड आलं असेल, पट्टी करडी असेल, अपघात आला असेल, भूलतज्ज्ञ दुसऱ्या तालुक्याला कॉलवर असतील. कारण काहीही असो, पेशंटपर्यंत पोहोचेस्तोवर त्याची मीटिंग होते. खरं कारण वॉर्डाच्या दारातच राहतं. मग गावाकडे जी गोष्ट जाते ती एकच, ‘तिथे नुसत्या तारखा देतात’. आणि अशा तारखेला जो जातो तो मनात म्हणत जातो, झालं तर झालं. त्यातले दोन जातच नाहीत. ते येणार नाहीत म्हणून दवाखाना आठ नावं लिहितो. आठ लिहिली म्हणून सातवा परत येतो आणि गावात सांगतो.

हे मी बोलून दाखवत होतो, तेवढ्यात काकू पदराला हात पुसत आली आणि तिने भांडणाचा रंगच बदलला.

“न जानारांत ह्ये बी हायती. फेब्रुवारीत कोन गेलं न्हाय, सांगा की.”

काका छताकडे बघू लागले. फेब्रुवारीची तारीख त्यांनी आम्हाला ‘दवाखान्यानं पुढं ढकलली’ अशी सांगितली होती. ढकलली त्यांनीच होती. फेब्रुवारी म्हणजे स्ट्रॉबेरीचा भर. महाबळेश्वर-पाचगणीच्या या पट्ट्यातून देशातली बहुतेक स्ट्रॉबेरी जाते, २०१० मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं, पण फळ मानांकन बघून थांबत नाही. पिकलं की त्या दिवशी तोडायचं, उद्या ते जामच्या भावाने जातं. ऑपरेशननंतर महिनाभर वजन उचलायचं नाही म्हटल्यावर क्रेट कोण उचलणार?

“कळवलं होतंत का?” मावशीने विचारलं.

“कुनाला कळवायचं? फोन कोन उचलतं?”

“म्हणजे त्या दिवशी तुमच्या नावाचं टेबल रिकामं गेलं.”

“न्हाय गेलं. तुमीच सांगितलं, आठ लिवत्यात. माझ्या जागी आठवा गेला असंल.” आणि त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर खरोखरच पुण्य केल्यासारखं काहीतरी आलं.

न येण्यात सगळा दोष पेशंटचाच असतो असंही नाही. पितृपक्षात आणि अमावास्येला लिस्ट विरळ असते, हे कुठल्याही थिएटरातली सिस्टर पंचांग न बघता सांगेल. रंगपंचमीला बावधनचं बगाड असलं की वाई भागातलं कुणी त्या आठवड्याची तारीख घेत नाही. शिवाय आमच्या डोंगरात पाऊस असतो. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पडला, पाटण तालुक्यात आंबेघर-मिरगावला दरडींखाली घरं गेली. अशा आठवड्यात वरच्या वाडीतला माणूस खाली येणार कुठून? पण दवाखान्याच्या वहीत तोही ‘आला नाही’ एवढाच उरतो.

“आणि ऑगस्टचं?” मावशीने आता धरलंच. “ती तारीख का गेली?”

“त्यांनी परत पाठवलं.”

“का?”

“च्या,” काकू म्हणाली.

सकाळी सातला उपाशीपोटी बोलावलं होतं. पहाटेची एसटी, पाऊस, थंडी. वाईच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली आणि काकांनी अर्धा कप चहा घेतला. वॉर्डात सिस्टरने विचारलं, काही खाल्लं-प्यायलंत का, तेव्हा ते खरं बोलले. म्हणजे रद्द झालेल्या तीन तारखांत खरं कारण एकदाच सांगितलं गेलं, आणि तेही दवाखान्याकडून नव्हे.

“अर्धा कप, वहिनी. आनि मला काय बेसुद करनार व्हते? कमरंत इंजेक्सन देनार व्हते.”

“कमरेतली भूल कधीकधी चढत नाही, कधी ऑपरेशन लांबलं तर मधेच उतरते. मग पूर्ण भूल द्यावी लागते. तेव्हा पोटातलं वर आलं आणि फुफ्फुसात गेलं तर? दुधाचा चहा म्हणजे पाणी नव्हे, तो जेवणात मोजतात. सहा तास.”

हा नियम सिस्टरांनी हट्टाने काढलेला नाही. न्यू यॉर्कचे डॉक्टर मेंडेलसन यांनी १९४६ मध्ये भुलेखाली पोटातलं श्वासनळीत गेलेल्या ६६ बाळंतिणींची नोंद छापली, तेव्हापासून जगभर भूलतज्ज्ञ पोट रिकामं मागतात. पण आजची त्यांची नियमावली उदार आहे : हलकं खाणं सहा तास आधीपर्यंत, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. काकांना ऑक्टोबरात सोळा तास कोरडं ठेवलं ते कोणत्या हिशोबाने, हे मी मावशीला विचारलं.

“पहिली केस गळाली तर सातवी वर ओढता यायला हवी,” ती म्हणाली. “म्हणून अख्खा वॉर्ड बारापासून उपाशी. कुणाची पाळी कधी येईल हे आम्हालाच माहीत नसतं.” मग जरा वेळाने, आपल्याशीच बोलल्यासारखं, “म्हाताऱ्या बायका पाणी मागायच्या. मी ओठाला ओला कापूस लावायचे.”

बीपीच्या बाबतीत ती आपणहून कबुली देऊन गेली. टेबलावर घेतल्यावर कुणाचंही बीपी चढतं. एका डॉक्टरांकडे एकशे साठवर माणूस परत जातो, दुसऱ्यांकडे एकशे सत्तरवर पार पडतो. ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगून टाकलं की ऑपरेशनपूर्व तपासणीत १८०/११०च्या खाली असेल तर तेवढ्यासाठी ठरलेलं ऑपरेशन थांबवू नका. “आमच्याकडे नवीन डॉक्टर घाबरतो,” मावशी म्हणाली. “काही झालं तर नातेवाईक काचा फोडणार, हे त्याच्या डोक्यात असतं. त्याला मी दोष देत नाही. पण ती तपासणी आठवडाभर आधी झाली तर गोळ्या सुरू होतात, अन् त्या दिवशी झाली तर नुसती तारीख जाते.”

काकांनी आता त्यांचा शेवटचा मोहरा काढला. त्यांचे आजोबा बेल-एअरला माळीकाम करायचे. डॉक्टर रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये क्षयरोग्यांसाठी उभं केलेलं हे सॅनेटोरियम पाचगणीच्या ओळखीचा भागच आहे. स्ट्रेप्टोमायसीन १९४०च्या दशकात आलं; तोवर क्षयावर औषध असं नव्हतं. कोरडी हवा, दूध-अंडी आणि व्हरांड्यातला पलंग. महिनोन्महिने.

“थांबनं हाच इलाज व्हता तवा,” काका म्हणाले. “पन खाऊनपिऊन थांबायचे, वहिनी. उपाशी न्हाय. आनि आजा सांगायचा, आपन कशाला थांबलोय ह्ये दर पेशंटला ठावं असायचं.”

मी इंग्लंडचा नियम सांगितला. तिथे ठरलेलं ऑपरेशन त्याच दिवशी दवाखान्याच्या कारणाने रद्द केलं तर २८ दिवसांच्या आत नवी पक्की तारीख द्यायची. नाही जमलं तर पेशंट म्हणेल त्या दुसऱ्या दवाखान्यात, यांच्या खर्चाने. दर तिमाहीला किती रद्द झाली याचे आकडे जाहीर होतात. मावशी लगेच म्हणाली, तिथेही लाखो लोक रांगेत आहेत म्हणे. आहेत. पण ते मोजलेले आहेत, आणि मोजणाऱ्यावर बंधन आहे. आपल्याकडे २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आणि २०१७पासून महात्मा फुले म्हणून जी योजना आली, तिने काकांसारख्याच्या खिशावरचा भार खरोखर उचलला. कुठल्या ऑपरेशनला किती पैसे, हे त्यात रुपयांत ठरलेलं आहे. सातव्या नंबरचा सोळा तासांचा उपास, दोन पोरांच्या बुडालेल्या रजा आणि जिपड्याचं भाडं मात्र कुठल्याच खात्यात लिहिलं जात नाही. तो खर्च ज्याचं ऑपरेशन होत नाही तोच करतो.

“तुम्ही दोघं मिळून मला चोर ठरवताय,” मावशी म्हणाली. तिचा आवाज दुखावलेला होता. “एका टेबलावर आठ माणसं मी नाही लिहिली. मी फक्त त्यातल्या जेवढ्यांना नीट करता येईल तेवढ्यांना नीट केलं.”

“तुमाला कोन म्हनतंय?” काका घाईने म्हणाले. “तुमी असता तर मला साडेतीनपर्यंत बसवला नसता.”

मावशी काही बोलली नाही. मला वाटतं, बसवला असता.

नऊच्या सुमाराला तिचा फोन वाजला. ती पडवीत जाऊन बोलली, दोन-तीन मिनिटं. धुक्यात फक्त ‘हो गं, हो, मी स्वतः आणते’ एवढं ऐकू आलं. परत येऊन तिने फाईल उघडली आणि गेल्या आठवड्यातल्या भूल तपासणीचा कागद काढला. त्यावर लिहिलं होतं, पहाटे सहापर्यंत साधं पाणी चालेल.

“पाच वाजता अर्धा पेला पाणी प्या. वॉर्डात विचारलं तर किती वाजता, किती, ते खरं सांगा आणि हा कागद दाखवा. चहा नाही. गाडी वाईत थांबणार नाही.” शेवटचं वाक्य मला उद्देशून होतं. मग तिने स्वयंपाकघरातून चहापत्तीचा डबा आणला आणि स्वतःच्या अंथरुणाशी ठेवला. काकू तोंडाला पदर लावून हसली.

“नंबर कितवा, कळलं का?” काकांनी विचारलं.

“तिसरा.”

“तिसरा!” त्यांनी बोटांवर मोजलं. पावणेदहा, सव्वाअकरा, पावणेएक. “म्हंजे व्हनार.”

“होणार.”

दिवा मालवायला काकू उठली. काका आडवे झाले, पट्टा सैल केला आणि अंधारात थोडा वेळ गप्प पडून राहिले. मला वाटलं झोपले.

“वहिनी.”

“काय?”

“गेल्या गुरुवारी तपासनीला गेल्तो तवा सिस्टर म्हनाल्या व्हत्या, आजोबा, तुमचा सातवा लागंल.”

मावशीने कूस बदलली.

“मंग आता सातवा कोन झाला?”

“झोपा भाऊजी,” मावशी म्हणाली. “साडेचारला उठायचंय.”